पहिले बूट पाहतात

पोराचा शेवटचा पेपर संपायच्या आत सल्ला घेऊन दारात उभे राहणारे काका तुमच्याही कॉलनीत असतीलच. आमचे प्रतापनगरातले आहेत, एजी ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मात इंटरव्ह्यू एकच दिला, १९७९ साली. त्याच भांडवलावर दुकान अजून चालू आहे.

"रिझ्युमे दोन पानांत बसव. कंपनी काय करते, वाचून जा. मांगची नोकरी काहून सोडली विचारलं तर जुन्या साहेबाच्या नावानं खडे फोडू नको. नोकरी देतो म्हणून डिपॉझिट मांगणाऱ्याले रुपया देऊ नको." इथवर माणूस चक्क शहाणा वाटतो. मग आवाज खाली येतो. "आणि बूट. पहिले बूट पाहतात."

इंटरव्ह्यूच्या सकाळी तर्री पोहे खायचे नाहीत. पोटासाठी नव्हे, तर्री बुटावर सांडते म्हणून. ऑटोत पाय आखडून बसायचं. बर्डीच्या गर्दीतून जायचंच नाही, तिथे लोक पायावर पाय देतात.

शेजारच्या पोरीचा मिहानमधल्या कंपनीसाठी लॅपटॉपवर इंटरव्ह्यू होता. नवतपा चालू, आवाज नको म्हणून कूलरही बंद. काकांनी तिला मोजे चढवून बूट घालायला लावले. "काका, कॅमेऱ्यात खांद्याखालचं दिसत नाही!" "चप्पल घातली की बोलणंही फटफट करते बेटा."

केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब'च्या अराजपत्रित पदांचे इंटरव्ह्यू बंद केले. वशिल्याला चाप बसेल म्हणून लोक खूश, काका सुतकात. "मंग आता बूट कोण पाहीन?" कुठे कुठे बुटांपेक्षा ते कोणत्या साहेबांच्या बंगल्यावरून येताहेत ते पाहायचे, हे उभी हयात सरकारी ऑफिसात काढलेल्या माणसाला ठाऊक नसेल कसं? पण तो विषय निघाला की काकांना ऐकू कमी येतं.

मागच्या खोलीत गोंदियाकडचा एक पोरगा भाड्यानं राहायचा. मुलाखत आली आणि पायात सँडल. काकांनी निरोप समारंभाला घातलेले स्वतःचे बूट काढून दिले. एक नंबर मोठे निघाले, म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबले. तेही 'हितवाद'चेच. "इंटरव्ह्यू इंग्रजीत आहे ना!" पोरगा लागला. बूट त्याच्यासोबत हिंजवडीला गेले. काकांनी परत मागितले नाहीत, नवे घेतलेही नाहीत.

काकांचं ऐकलेलं पोरगं नागपुरात राहत नाही, ही खरी पंचाईत. अजनीहून पुण्याची वंदे भारत सुरू झाल्यापासून तर निरोप द्यायलाही फुरसत मिळत नाही. कॉलनीत उरलो आम्ही पेन्शनवाले. संध्याकाळी काका फाटकाशी उभे असतात आणि सल्ला द्यायला दूधवाल्याशिवाय कोणी सापडत नाही. तो बिचारा गमबुटात येतो.

परवा त्या गोंदियावाल्याचा फोन आला. आता तोच इंटरव्ह्यू घेतो म्हणे. काकांनी स्पीकर लावला, आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"पहिले काय पाहिलं?"

"काका, त्याचा कॅमेराच बंद होता."

"मंग विचारायचं ना बे!"