अन्यायग्रस्त मागच्या टायरांच्या मालकांस अनावृत पत्र

आदरणीय साहेब,


आपल्या मस्टँग जीटीचे मागचे दोन्ही टायर दहा हजार किलोमीटरच्या आत संपले. या घातपातात टायर कंपनी, पीडब्ल्यूडी, एक्स्प्रेस-वेचं काँक्रीट, पुण्याचा उन्हाळा, पंपावर हवा भरणारा पोरगा आणि मी, म्हणजे आपला अलाइनमेंटवाला, असे सगळे सामील आहेत, हे आपण माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलंत. त्या वेळी रॅम्पवर दुसरी गाडी होती, म्हणून उत्तर राहिलं. आता सवडीने देतो. आरोपींच्या यादीत एक नाव सुटलंय असं मला उगाच वाटत राहिलं. पण आपण शिकलेसवरलेले. सुटलं असेल तर विचार करूनच सुटलं असणार.

आधी टायर कंपनी. "घरच्या गाडीचे टायर पन्नास हजार चालले आणि हे तिप्पट किमतीचे असून दहा नाही," असं आपण म्हणालात. वाजवी तक्रार आहे. महाग ते टिकाऊ हा हिशोब प्रेशर कुकरला लागू पडतो, तर टायरला का पडू नये? अडचण इतकीच, की हे टायर टिकण्यासाठी बनवलेलेच नाहीत. रस्ता धरण्यासाठी बनवलेले आहेत. मऊ रबर रस्त्याला धरतं, आणि धरतं म्हणूनच झिजतं. कंपनीने हे लपवूनही ठेवलेलं नाही. अमेरिकी नियमामुळे टायरच्या कडेवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा छापलेला असतो. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर टायर पळवतात, त्याची झीज 100 धरलेल्या प्रमाण टायरशी ताडून बघतात आणि त्यावरून कंपनी आकडा टाकते. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट 4एसवर तो 300 आहे. लांबच्या प्रवासासाठीच्या साध्या टायरवर 500-600 सहज सापडतो. खरेदीच्या वेळी हा आकडा आपल्या नाकासमोर होता, पण आपण तेव्हा टायरची कड किती बारीक दिसते याचा फोटो काढत होतात.

दुसरा आरोपी पीडब्ल्यूडी. येथे नम्रपणे एक दुरुस्ती सुचवतो. एक्स्प्रेस-वे रस्ते विकास महामंडळाचा आहे, तेव्हा अर्ज तिकडे करावा. काँक्रीट खरखरीत असतं, उन्हात तापतं आणि तापलेलं रबर लवकर झिजतं, हे सगळं मान्य. फक्त त्याच काँक्रीटवरून, त्याच उन्हात, आपले पुढचे टायरही गेले आणि ते अजून धडधाकट आहेत. महामंडळाचा राग मागच्याच चाकांवर का, याचा खुलासा अर्जात करावा लागेल.

आता आपल्या पायाबद्दल. क्षमस्व, आपल्या गाडीबद्दल म्हणायचं होतं. पाच लिटरचं व्ही-8, चारशे घोडे, पाचशेहून अधिक न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तो सगळा मागच्या दोन चाकांवर. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल मिळून तो दहा पटींहून जास्त करतात. म्हणजे सिग्नल सुटल्यावर आपण पाय दाबता तेव्हा पाच हजार न्यूटन-मीटरच्या वरचा जोर, तळहाताएवढ्या दोन ठिकाणी टेकलेल्या रबरातून, डांबरात उतरायला बघतो. आणि टायर जोर देतो तोच मुळी थोडा घसरून. गाडी जेवढी पुढे जाते त्यापेक्षा चाक जरा जास्त फिरतं. सगळ्यात चांगली पकड मिळते तेव्हाही चाक दहाएक टक्के जास्तच फिरत असतं. ट्रॅक्शन कंट्रोल ही घसरण बंद करत नाही, फक्त हाताबाहेर जाऊ देत नाही. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लुकलुकतो ना, ज्याचा व्हिडिओ आपण मला दाखवलात, तो रबर जात असल्याची पावती आहे. रविवारी सकाळी लवासाच्या रस्त्याला अशा किती पावत्या फाटतात, ते मी विचारणार नाही.

फोर्डने तर प्रामाणिकपणाची हद्द केली. 2015 च्या मस्टँग जीटीमध्ये 'लाइन लॉक' आणलं: पुढचे ब्रेक धरून ठेवायचे, मागचे मोकळे सोडायचे, आणि गाडी जागच्या जागी उभी ठेवून मागचे टायर जाळायचे. टायर जाळायची सोय कारखान्यातूनच! ती ट्रॅकवरच वापरा, असंही त्यांनी बजावलं. आपल्या सोसायटीचं पार्किंग हा ट्रॅक आहे की नाही, हे सेक्रेटरी ठरवतील.

इथवरची झीज मजेची आहे, साहेब. ती टायरच्या मधल्या पट्ट्यात दिसते. आपण पैसे दिलेत, मजा केलीत, रबर गेलं. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. पंपावरच्या पोराचा वाटाही याच पट्ट्यात आहे. त्याने चारही चाकांत सरसकट 40 हवा मारली, त्यामुळे रुंद टायर मध्येच टेकतो आणि मध्येच झिजतो. किती हवा घालायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं, आणि दार उघडायला आपल्यालाच येतं, त्याला नाही. नायट्रोजनने हे सुधारेल अशी आपली श्रद्धा आहे. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. श्रद्धा असू द्या, पण प्रेशर मोजा.

आता माझ्यावरचा आरोप. आपल्या डाव्या मागच्या टायरला बाहेरून पाचेक मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. गाडी लिफ्टवर घेऊन आत टॉर्च मारला तर आतल्या कडेला तार दिसत होती. कायदा 1.6 मिलिमीटर मागतो; तिथे रबरच उरलं नव्हतं. समृद्धी महामार्गावर आरटीओने 2023 मध्ये टायर बघायला सुरुवात केली, तेव्हाही आपला टायर बाहेरून बघणाऱ्याला बहुधा नव्यासारखाच वाटला असता, आणि आपण तिथे 120 ने जाणार होतात.

ही आतली कड मजेने जात नाही. टायर कसा खाल्लाय ते हाताला कळतं. तळवा टेकवून आतून बाहेर फिरवा, गुळगुळीत लागतं. तोच उलटा आणा, नक्षीच्या प्रत्येक गुट्टीची धार बोटांना अडते. असं लागलं की 'टो' गेलेला असतो. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड नाकासमोर आहे की जरा तिरकं. कँबर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचा माथा किती आत झुकलाय. वळणावर पकड राहावी म्हणून अशा गाड्यांची चाकं मुद्दामच थोडी आत झुकवलेली असतात, आणि लोक तेवढ्यावरून कँबरला शिव्या घालतात. माझ्या अनुभवात कँबर एकटा टायर फारसा खात नाही. खातो टो, कँबर फक्त कुठून खायचं ते दाखवतो.

टोचा हिशोब शाळेतल्या त्रिकोणमितीत बसतो. चाक 0.4 अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला टायर सात मीटर आडवा घासला जातो. दहा हजार किलोमीटरला सत्तर किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्याही पुढे आपण टायर रस्त्यावर आडवा फरफटत नेला, वर त्याला नावं ठेवली.

आता हे 0.4 आलं कुठून? आपणच सांगितलंत, "स्प्रिंग बदलून गाडी जरा खाली घेतली, लूक भारी येतो." येतो, वादच नाही. जुनी मस्टँग खाली घेतली असती तर मागच्या चाकांचं काही बिघडलं नसतं, कारण 1964 पासून कितीतरी वर्षं साध्या मस्टँगला मागे अखंड ॲक्सल होता. चाकं सरळ ती सरळच. 2015 च्या पिढीपासून सगळ्या मस्टँगना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. वळणावर गाडी सुधारली. पण आता गाडी खाली बसली की चाकं आत झुकतात आणि टोही हलतो. स्प्रिंग बसवल्यावर अलाइनमेंट केलंत का, असं मी विचारलं. आपण दुसऱ्या दुकानाचा कागद दाखवलात, सगळं हिरवं, म्हणजे मापात, होतं. फक्त पुढच्या चाकांचं. "मागचं फिक्स असतं, असं ते म्हणाले." छोट्या हॅचबॅकमध्ये असतंही तसं. आपल्या गाडीत मागे कँबर आणि टो दोन्ही करता येतात, पण त्याला गाडीखाली हात घालावा लागतो आणि वेळ जातो. आमच्या धंद्यात हिरवा कागद विकणारे पुष्कळ आहेत, हे मी नाकारत नाही.

आणि मागचंही हिरवं आलं असतं, तरी मी टॉमी घालून सस्पेन्शनच्या सांध्यातला रबरी बुश हलवून बघितला असता. मशीनवर गाडी उभी असते. रस्त्यावर आपण पाय देता, फाटलेला बुश दबतो आणि चाक नाक फिरवतं. ते मशीनला कधी दिसत नाही.

पुढचे टायर मागे टाकून काम भागवा, असं आपण सुचवलंत. भागत नाही. मागचे जास्त रुंद आहेत, आणि रिमही. तेव्हा जोडीच घ्यावी लागेल. आधी बुश, मग चारही चाकांचं अलाइनमेंट, आपण सीटवर बसलेले असताना आणि हवा स्टिकरप्रमाणे असताना. नाहीतर नवी जोडीही लोणावळ्यालाच जाईल. आपले चिरंजीव म्हणाले, यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या. घ्या अवश्य. वजन जास्त, टॉर्क पहिल्या क्षणापासून, आणि मागच्या मोटरची असेल तर पाय काढल्यावरही मागचीच चाकं गाडी आवरतात. दुकानाच्या भवितव्याची काळजी मी सोडून दिली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
यादीतला शेवटचा आरोपी

ता. क. : मागचे ब्रेक पॅडही पुढच्यांच्या आधी संपलेत. ट्रॅक्शन कंट्रोल सुटलेलं चाक आवरतं ते इंजिनाचा जोर कापून आणि ब्रेक लावूनच. तेव्हा पॅडच्या कंपनीविरुद्धचा अर्ज वेगळ्या कागदावर लिहावा, दोन्ही तक्रारी एकत्र घेत नाहीत.