छपराची हमी

तळेगाव (श्यामजी पंत) येथे, जेथे वैशाखात पारा 45 अंशांची मर्यादा फारशी मानीत नाही, तेथे कवेलूंना रजा देऊन घरावर अमेरिकी धर्तीचे डांबरी शिंगल बसवावेत, असा मनसुबा आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनी जाहीर केला असून, काचतंतूंच्या पटावर डांबर माखून वर दगडाची रंगीत कणी पेरलेल्या या पट्ट्यांस 30 वर्षांची लेखी हमी असल्याचे ते सद्गदित होऊन सांगतात. हमीपत्राची कलमे मात्र सावकाश वाचण्याजोगी आहेत: छपराखाली वारा खेळता नसल्यास हमी रद्द, बसवण्यात कसूर झाल्यास हमी रद्द, आणि शिंगल ज्यावर ठोकायचे त्या प्लायवूडची वाळवीने विल्हेवाट लावल्यास दाद कोठे मागावी, याविषयी मौन. वानरांचा तर उल्लेखच नाही! (अमेरिकेत ती छपरांवर सहसा नसतात.) कवेलू वानराने फोडले, तर मृगापूर्वी शिडी लावून दुसरे सरकवावे, एवढाच काय तो खटला. सेवाग्रामच्या बापूकुटीवर आजही कवेलूच आहेत. तरीही ज्यांना शिंगलच हवेत, त्यांनी ते खुशाल बसवावेत. फक्त हमीपत्र पावसात भिजणार नाही अशा जागी ठेवावे.