किन्व्याचा चुलतभाऊ

रविवारी रात्री मी एक्सेल उघडतो. वर सोमवार ते रविवार, बाजूला नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण. शेवटच्या रकान्यात प्रथिनं आणि त्याला चिकटून रुपये. खराडीच्या आयटी पार्कात दिवसभर परदेशी कंपन्यांचा खर्च कमी करून देणारा माणूस स्वतःच्या ओट्यासमोर कशाला हरेल?

पहिल्याच मंगळवारी हरला. कोथिंबीर राहिली म्हणून ॲप उघडलं. ठरावीक रकमेच्या वर गेलं की घरपोच फुकट. मग ती रक्कम गाठायला भोपळ्याच्या बिया, बदामाचं पीठ आणि किन्वा घेतला. दहा मिनिटांत सगळं दारात. कोथिंबीर तेवढी संपली होती.

किन्व्याचं एक सांगतो. हा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला पाहुणा. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव चिनोपोडियम किन्वा. तिथं आडनाव आधी लिहायची पद्धत आहे. हेच आडनाव लावणारा एक गृहस्थ चंदननगरच्या मंडईत ओल्या पोत्यावर जुडी बांधून पडलेला असतो: चाकवत. किन्व्याचं बी खातात, चाकवताचा पाला, एवढाच घराण्यातला फरक. पण एक झिप लावलेल्या पाकिटातून येतो आणि दुसरा मेथीवर फुकट मागायलाही आपल्याला लाज वाटत नाही.

प्रथिनांचंही तेच. शंभर ग्रॅम किन्व्यात ती चौदाएक ग्रॅम, तेवढ्याच कोरड्या मटकीत वीसेक. पण मटकी रात्री भिजत घालावी लागते, सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते, मोड यायची वाट बघावी लागते. आमच्या एक्सेलमध्ये ‘वाट बघणे’ असा रकानाच नाही. भाकरीची गत तर त्याहून गमतीची. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं, आणि नावापुढं श्री लागल्यावर माणसाचं होतं तेच बाजरीचं झालं. ती कॅफेत जाऊन बसली.

शेवटी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना तक्ता दाखवला. त्यांनी पोळी लाटता लाटता एकदा बघितला.
“दादा, सोमवारी पालक, मंगळवारी ब्रोकोली, बुधवारी मशरूम. रोजची नवी भाजी, मग उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं?”

तिथंच माझं नियोजन संपलं. मावशींचं मात्र चालू होतं. चाकवत ताकात, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून, वर लसणीची फोडणी. उरला तर रात्री भाकरीबरोबर. मटकी एकदाच भिजवायची. उसळ आज, उद्या तिचीच मिसळ, मूठभर कोशिंबिरीत. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी. कुठंही लिहिलेलं नाही, आणि टाकायला काही शिल्लक नाही.

मी भारावून म्हणालो, “मावशी, तुमच्याकडे घरी हेच असतं ना?”
“असतं की. पण पोरगा तोंड वाकडं करतो. त्याला ते किनवा का काय ते पायजे.”
“त्याला कुठून कळलं?”
“तोच आणून देतो ना सगळ्यांना, गाडीवर. म्हणतो, तुमच्या बिल्डिंगला लई जातं.”