अर्ज नामंजूर, टेस्ट मंजूर

(शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसहा. एका वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा वेब-फॉर्म जँगोमध्ये तयार होतोय. डेव्हलपरच्या खांद्यावर बॅग आहे. टेस्टरच्या हातात नुकताच आलेला चहा आहे. म्हणजे ती एवढ्यात हलणार नाही.)

डेव्हलपर : फॉर्म झाला, टेस्ट लिहिली, टेस्ट पास झाली. चल, सोमवारी भेटू.

टेस्टर : कसली टेस्ट लिहिलीस?

डेव्हलपर : युनिट टेस्ट. जँगोचा टेस्ट क्लायंट घेतला, माहिती पोस्ट केली, उत्तर २०० आलं. २०० म्हणजे ओके. हे मी नाही, एचटीटीपी म्हणतं.

टेस्टर : आणि सभासद किती वाढले?

डेव्हलपर : कुठे?

टेस्टर : डेटाबेसमध्ये. नोंदणीचाच फॉर्म आहे ना?

डेव्हलपर : (खटाखट टाइप करून) शून्य. पण ते बरोबर आहे. टेस्टचा डेटाबेस वेगळा असतो, शिवाय प्रत्येक टेस्टनंतर सगळं रोलबॅक होतं.

टेस्टर : टेस्ट संपल्यावर होतं. मी टेस्टच्या आत मोजायला सांगतेय. पोस्टच्या खालच्या ओळीत.

डेव्हलपर : (थोडं कमी खटाखट) ...शून्यच.

टेस्टर : कारण तू पिनकोड पाठवलाच नाहीस. जँगोनं तोच फॉर्म लाल अक्षरांतल्या चुकांसकट परत दिला. पान व्यवस्थित तयार झालं, म्हणून २००. तुझा अर्ज नामंजूर झाला आणि तू पेढे वाटतोयस.

डेव्हलपर : मग मंजूर झाल्यावर काय येतं?

टेस्टर : आपल्या व्ह्यूमध्ये? ३०२.

डेव्हलपर : अगं, ते खुनाचं कलम!

टेस्टर : होतं. १ जुलै २०२४पासून खून कलम १०३मध्ये गेला. इथे ३०२ म्हणजे काम झालं, आता पुढच्या पानावर जा. माणूस आभाराच्या पानावर पोचला, की त्यानं कितीही वेळा रिफ्रेश दाबलं तरी दुसऱ्यांदा नोंदणी होत नाही.

डेव्हलपर : बरं. पिनकोड टाकला, ३०२ तपासलं, सभासद एक. आता हिरवी ती हिरवी! निघू?

टेस्टर : ब्राउझरमध्ये एकदा सबमिट करून दाखव, मग नीघ.

(डेव्हलपर बटण दाबतो. पडद्यावर ४०३.)

डेव्हलपर : असं कसं? टेस्टमध्ये चालतंय!

टेस्टर : टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकन टाकायचं राहिलंय. टेस्ट क्लायंट ती तपासणी मुळात करतच नाही. चालू करून मागावी लागते. तो घरातल्यासारखा मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात येतो. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, हे त्याला कोण सांगणार?

डेव्हलपर : (टोकन टाकून) हं. आता चाललं... नाही चाललं. "फोटो आवश्यक आहे" म्हणतंय. अगं, दिलाय की फोटो! नाव दिसतंय फाइलचं!

टेस्टर : नावच गेलं, फोटो गेला नाही. फॉर्मच्या टॅगमध्ये एनकोडिंग मल्टिपार्ट असं लिहिलेलं नाही. ते नसलं की ब्राउझर फक्त फाइलचं नाव पाठवतो.

डेव्हलपर : मग टेस्टमध्ये फोटो कसा पोचला?

टेस्टर : टेस्ट क्लायंट न सांगता मल्टिपार्टच पाठवतो. तू विसरलास ते त्यानं परस्पर निस्तरलं.

डेव्हलपर : इतका समजूतदार माणूस आपल्या टीममध्ये का नाही?

टेस्टर : कारण मग बग कोणालाच सापडले नसते. आधी गेट करून पान मागव. त्यात टोकनचं लपवलेलं फील्ड आहे का, मल्टिपार्ट आहे का, सगळे रकाने आहेत का, ते तपास. पोस्ट नंतर.

डेव्हलपर : मग युनिट टेस्टचा उपयोग काय? ब्राउझरच उघडून बघत बसू.

टेस्टर : उपयोग नियम तपासायला. त्यासाठी यूआरएल नको, व्ह्यू नको, क्लायंटही नको. फॉर्मचा क्लास घे, हातात डिक्शनरी दे आणि विचार, वैध आहेस का? नसलास तर कोणत्या रकान्यात, काय चुकलं? क्षणात उत्तर येतं, म्हणून शंभर वेडेवाकडे अर्ज करून बघता येतात.

डेव्हलपर : वेडेवाकडे कशाला? मी चांगला अर्ज केलाय.

टेस्टर : चांगला अर्ज करणारा तू एकटाच. बाकी सगळी जनता आहे.

डेव्हलपर : माझे नियम पक्के आहेत. मोबाइल नंबरला रेजेक्स आहे, बॅकस्लॅश डी, बरोब्बर दहा वेळा. आकड्यांशिवाय काही शिरणारच नाही.

टेस्टर : मराठी आकड्यांत नंबर टाक.

डेव्हलपर : नाकारेल. (टेस्ट चालवतो.) घेतला! पायथॉनला मराठी येतं?

टेस्टर : पायथॉन ३मध्ये बॅकस्लॅश डीला देवनागरी आकडेही आकडेच वाटतात.

डेव्हलपर : वा! याला म्हणतात मराठी बाणा!

टेस्टर : बाणा झकास, पण ओटीपी पाठवणाऱ्या यंत्रणेला तो वाचता येईल याची खात्री आहे का? साठवण्याआधी इंग्रजी आकड्यांत बदलून घे. आणि नावाला काय लावलंस?

डेव्हलपर : बॅकस्लॅश डब्ल्यू. फक्त अक्षरं-आकडे. "कमल" टाकून बघितलं, पास.

टेस्टर : आता "सीमा" टाक.

डेव्हलपर : ...नापास. टायपिंग चुकलं असेल.

टेस्टर : "उषा"?

डेव्हलपर : नापास.

टेस्टर : "वसंत"?

डेव्हलपर : नापास! "शरद" मात्र पास. हा काय पक्षपात?

टेस्टर : पायथॉनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, अक्षरांना जोडायची चिन्हं. बॅकस्लॅश डब्ल्यू ती धरत नाही. तुझ्या वाचनालयात कमल, शरद, मदन आणि गगन एवढेच सभासद होणार.

डेव्हलपर : चौघे तर चौघे. पुस्तकं तरी वेळेवर परत येतील.

टेस्टर : तुला नेमकी कमलच का सुचली?

डेव्हलपर : टाइप करायला सोपी.

टेस्टर : बघ. टेस्टनं फॉर्म तपासलाच नाही, तुझी सोय तपासली. नावावरचा रेजेक्स काढ. रिकामं नको, फार लांब नको, एवढं पुरे. नुसत्या स्पेस दिल्या तर जँगो त्या आपणहून छाटतो आणि रकाना रिकामा धरतो. तीही एक टेस्ट लिही.

(डेव्हलपर बॅग खाली ठेवतो. फॉर्मला हात लावण्याआधी सगळ्या टेस्ट लिहून चालवतो. पडदा लालेलाल. मॅनेजर येतात.)

मॅनेजर : काय, किती टेस्ट पास?

डेव्हलपर : सर, मघाशी एकच होती, ती पास होती. हिनं मदत केल्यापासून सात नापास आहेत.

मॅनेजर : मग मघाचीच ठेवा ना! आज लाइव्ह जायचंय.

टेस्टर : चालेल सर. फक्त वाचनालयाच्या अध्यक्षांना एक फोन करा आणि नाव बदलून घ्या म्हणावं. त्यांच्या नावात दोन वेलांट्या आहेत.