बिनफीचं नागपुरी शिबिर : पालकांसाठी मार्गदर्शिका

एप्रिल लागला की आमच्या कॉलनीत शिबिरांची पत्रकं फिरायला लागतात. यंदाच्या एका पत्रकात दहा दिवसांत मुलांचा सर्वांगीण विकास करून मिळणार होता आणि खाली छापलेल्या फीमध्ये नवा कूलर आला असता. पत्रक घडी करून खिशात घातलं, घरी आलो, माळ्याकडे नजर गेली. जुना कूलर गेल्या वर्षीच्या चादरीतून डोकावत होता. प्रस्तुत मार्गदर्शिकेचा उगम तो.

शिबिराचा पहिला विषय, कूलर बसवणे. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा : नागपुरात कूलर विकत एकदाच घेतात, बसवतात मात्र दरवर्षी. साहित्य : एक कूलर (गंजलेला असल्यास उत्तम, रसायनशास्त्राचा धडा आयता मिळतो), गवताच्या तीन नव्या ताट्या, पंप, पाईप, ऐन वेळी न सापडणारा पेचकस आणि दोन पोट्टे. प्लग काढलेला असावा. बाकी सगळं गमतीनं घ्या, हे नको. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

कृती सोपी आहे. वडिलांनी स्टुलावर चढावं, आईनं स्टूल धरावं, आजोबांनी खुर्चीवरून चुका काढाव्यात. कूलर खाली आला की मुलांना जुनं गवत उपसायला लावावं. आमच्याकडे त्यावर पांढरा कडक थर बसला होता. धाकट्यानं विचारलं, "बाबा, हे मीठ हाय का जी?" चाखायच्या आत त्याचा हात धरला आणि त्यावर लिंबू पिळायला सांगितलं. थर फसफसला. बोअरच्या पाण्यातला चुना असा उघडा पडल्यावर पोट्ट्यांनी घरातली सगळी लिंबं संपवली. नळाची तोटी, बाथरूमच्या फरशा, आजोबांचा दात ठेवायचा पेला, सगळीकडे चाचणी झाली. विज्ञानाचा खर्च तेवढा आला. संध्याकाळचं सरबत रद्द.

मग वरच्या पन्हळीची बुजलेली भोकं तारेनं एकेक मोकळी करणं. एकाग्रतेसाठी याहून चांगला व्यायाम मला ठाऊक नाही. आमच्या मोठ्यानं पंचवीस मिनिटं मोबाइल मागितला नाही.

आता मुख्य प्रयोग. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगा. मेमधल्या एका दुपारी आमच्या व्हरांड्यात कोरडा ४३ दाखवत होता, ओला २४. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, हे पुस्तकातलं वाक्य आहे. १९ अंशांचा फरक डोळ्यांनी दिसला की ते वाक्य पाठ करावं लागत नाही. हाच प्रयोग जुलैत केला तर दोन्ही थर्मामीटर जवळजवळ गळ्यात गळे घालतात, कारण हवेतच इतकं पाणी असतं की आणखी मावत नाही. मुंबईची आत्या कूलरला ओला पंखा म्हणते. तिच्या गावात तिचं बरोबर आहे.

यंत्रावर किती विश्वास ठेवावा, हाही धडा इथेच उरकावा. नागपूरचा उच्चांक ४७.९ अंशांचा, मे २०१३ मधला. पण मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं यंत्र चुकल्याचं सांगितलं. आमच्या शेजाऱ्यांना हा खुलासा आवडला नाही. ते अजून ५६च सांगतात.

शारीरिक शिक्षण : टाकी ६० लिटरची, बादली १५ लिटरची. किती फेऱ्या, हे मुलांनी काढावं आणि त्यांनीच माराव्यात. आमच्या धाकट्यानं दुसऱ्याच दिवशी फेऱ्या टाळायला गच्चीवरच्या ड्रममधून पाईप खिडकीत सोडला, तोंडानं पाणी ओढलं आणि खेळायला निघून गेला. सायफन त्याला कुणी शिकवला नव्हता. तो थांबवायचा कसा, हेही कुणी शिकवलं नव्हतं. गादी तीन दिवस उन्हात होती.

दुसरा विषय भूगोल. स्थळ : सीताबर्डीजवळचा झिरो माईल. वेळ सकाळी सहा, कारण नऊनंतर तिथला दगड पोळतो. चार घोडे आणि एक खांब, इतकंच आहे आणि तेवढं पुरतं. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यानं १९०७ साली हे ठिकाण पक्कं केलं. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. फुटाचा हजारावा भाग! मी पडद्याचं माप घेतलं की वीतभर चुकतं. हा भारताचा मध्यबिंदू, असं प्रत्येक नागपूरकर पाहुण्याला सांगतो. भूगोलाचे मास्तर त्यावर मान हलवतात, ती उभी की आडवी हे पाहू नये.

खांबावर मैलांत अंतरं आहेत : हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा १२५, शिवनी ७९. मुलांना १.६ नं गुणायला लावा. आमचा मोठा गुणता गुणता थांबला.

"बाबा, यात मुंबई काऊन नाही?"

"नाही."

"अन् पुणं?"

"तेही नाही."

त्याच्या चेहऱ्यावर पसरलेलं समाधान पाहून मला इतिहासाचा तास तिथेच घ्यावा लागला. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी, १९५६ पर्यंत राजधानीच, त्यानंतर आपण मुंबई राज्यात गेलो. तेव्हाचे रस्ते जबलपूर-रायपूरकडे बघत होते. "मग आपण राजधानीतून इकडे काऊन आलो?" या प्रश्नावर घरोघरी वेगळं उत्तर मिळतं; मी तर्री पोह्यांच्या ठेल्याकडे बोट दाखवलं.

१८६३ चा अजब बंगला (हेही संग्रहालयच) आणि कडबी चौकातलं छोट्या रुळांच्या आगगाड्यांचं संग्रहालय यांवर जास्त लिहीत नाही. दोन्हीकडे तिकीट किरकोळ आहे. अजब बंगल्याला सोमवारी सुट्टी असते, हे मात्र आधी बघून जावं. आम्ही सोमवारी गेलो होतो.

अर्थशास्त्र पावसाळ्यात घ्यावं, तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदीबैल सजवून दारोदार न्यायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायचा, ही रीत भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगतात. चाकांचा बैल विकत घेऊ नका. मोठ्या आजीकडचा मागून आणा, शिंगांना बेगड लावा, झूल जुन्या ब्लाउजची. कोणतं दार आधी गाठायचं, कुणाकडे सुट्टे असतात, कोण नुसतंच "बैल छान हाय बरं" म्हणून दार लावतं, हे बाजाराचं ज्ञान कोणत्याही शिबिरात मिळत नाही. धाकट्यानं ३४० रुपये जमवले. त्यातले पन्नास मी पेट्रोलसाठी उसने घेतले. तो रोज आठवण करतो आणि व्याजाचा तक्ता त्यानं फ्रिजवर लावला आहे.

त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. गर्दीत लहानांना खांद्यावर घ्यावं. घरी आल्यावर रद्दी आणि बांबूच्या कामट्यांचा छोटा बडग्या, म्हणजे मारबतीसोबतचा पुतळा, करायला द्या, तो कुणाचा करायचा ते त्यांना ठरवू द्या. मी सूचना केली नव्हती. तरी आमच्या बडग्याच्या नाकावर चष्मा होता, हातात पेचकस होता आणि पोट्टे अंगणात ओरडत होते, "बादल्या भरायला लावणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

पावसाळा लागला की कूलर उतरवायचा असतो. आमचा अजून खिडकीतच आहे. तुमचाही असेल, तर टाकी तेवढी रिकामी करून कोरडी पुसा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.