कॅशेवाला

पगार बंगळुरूचा, फ्लॅटचा हप्ता पुण्याचा आणि मुक्काम आईच्या घरी, अशी एक जमात टाळेबंदीनंतर धाराशिवात चांगली मुरली आहे. तिच्यातला सगळ्यात कडवा नमुना म्हणजे कॅशेवाला. ओळखायची खूण सोपी. लग्नाच्या पंगतीत असो की तुळजापूरच्या दर्शनरांगेत, हा मोबाइलवर एकच संकेतस्थळ चार-चारदा उघडतो आणि स्वतःशीच म्हणतो, "हिट!" शेजारच्याला वाटतं, सिनेमाविषयी बोलतोय. पानावर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते पान मागच्या सर्व्हरला न उठवता मधल्यामध्ये आलं, एवढ्यावर त्याचा दिवस गोड होतो.

त्या मागच्या सर्व्हरला, म्हणजे बॅकएंडला, कुणी त्रास देऊ नये हे त्याचं जीवितकार्य. व्हार्निश नावाचं सॉफ्टवेअर पुढे ८० नंबरच्या पोर्टवर बसवायचं, बॅकएंडला मागे ८०८० वर सरकवायचं, आणि एकदा तयार झालेलं पान साठ्यात, म्हणजे कॅशेत, जपून ठेवून येईल त्याला तेच वाढायचं. हे व्हार्निश २००६ साली आलं, नॉर्वेच्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरची गर्दी झेलायला. कर्ते डेन्मार्कचे पॉल-हेनिंग काम्प. हा त्यांना 'काम्पसाहेब' म्हणतो. आमदारालाही तो साहेब म्हणत नाही, आणि आमच्याकडे हे धाडसच आहे.

समजावून सांगायची त्याला भारी हौस. चहावाला, भाचा, एसटीत शेजारी बसलेला बिचारा, सगळे ऐकून घेतात. कळलं मात्र फक्त आईला, तेही पहिल्या दमात. पाणी पार उजनीहून येणार, नळ रोज सुटण्याची चैन या गावाला नाही.

"म्हंजे हौद की!" माउली म्हणाली. "नळ कवाबी येऊ दे, आपण हौदातलं वापरायचं."

त्याने टाळीसाठी हात पुढे केला. पण माउली थांबली नव्हती.

"मग कोरडा दिवस कवा पाळतूस?"

डेंग्यूच्या दिवसांत आशाताई दारोदार फिरून रांजणात बॅटरी मारतात, अळ्या शोधतात आणि आठवड्यातून एकदा सगळा साठा ओतून भांडी कोरडी करायला लावतात. प्रश्न ऐकून कॅशेवाला चपापला, कारण त्याचा सगळा धंदा नेमका इथेच फसतो. पान किती वेळ ठेवायचं त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. कुणी काही सांगितलं नाही तर व्हार्निश १२० सेकंद धरतं. याने दिवसभराची मुदत दिली, कारण हिटचा टक्का चढतो. गिऱ्हाईक दुकानदाराने सकाळी दर वाढवले. जग संध्याकाळपर्यंत जुनाच दर बघत राहिलं.

मग कुकीचं प्रकरण. मागणीसोबत कुकी, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळखचिठ्ठी, दिसली की व्हार्निश हात आखडतं आणि माणसाला थेट मागे धाडतं. न जाणो, ज्याची-त्याची खासगी बाब असायची. याला हा सोवळेपणा खटकला. कुकी असो-नसो, त्याने सरसकट सगळी पानं साठवून तीच वाढायला लावली. तासाभरात परंड्याच्या बाईंना उमरग्याच्या गृहस्थांची खरेदीची यादी दिसू लागली. यादीत काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबाचा फोन आला तेव्हा हा म्हणाला, "पण सर, बॅकएंडवरचा लोड बघा ना, जवळपास शून्य!"

फिल कार्लटन यांच्या नावावर संगणकवाल्यांत एक वचन फिरतं, की या विद्येत अवघड गोष्टी दोनच: कॅशे कधी रिकामा करायचा आणि कशाला काय नाव द्यायचं. त्या दोन्ही आमच्या जिल्ह्यावर एकदमच येऊन आदळल्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. एखाद्या पावतीवर किंवा म्हाताऱ्याच्या तोंडी जुनं नाव आलं की हा सुखावतो. "टीटीएल संपायचाय," म्हणतो.

वाईट एवढंच, की आता तो स्वतःही साठ्यातूनच उत्तरं देतो. "जेवलास का रं?" असं आईने विचारलं की मान वर न करता "हो". ते कालचं असतं. निवृत्त होऊन जमाना झालेल्या काकांना तो दर दिवाळीला "ऑफिस काय म्हणतंय?" असं विचारतो. काकांना राग येत नाही. ते तासभर सांगतात.

परवा कळंबकडचं स्थळ आलं. कुंथलगिरीचे पेढे पुढे ठेवले होते. मुलीच्या वडलांनी सहज विचारलं, "वय काय आपलं?"

"सत्तावीस," हा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला.

पाहुण्यांनी हातातला बायोडाटा पाहिला. त्यावरही सत्तावीसच होतं, आणि फोटोत कपाळापर्यंत केस होते. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा समोर पाहिलं, आणि पेढा परत ताटलीत ठेवला.

आतून आईचा आवाज आला, "आरं, हौद धू की आधी!"