केलंस तरी काय?

माझं वजन ११२ किलो होतं, ते आता ७८ आहे. एवढं उतरल्यावर माणसाला हलकं वाटत असेल, असा लोकांचा समज असतो. वाटतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त ओशाळल्यासारखं होतं. कारण भेटणारा प्रत्येक जण दोन पावलं मागं सरकतो, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, इकडेतिकडे पाहून आवाज उतरवतो आणि विचारतो, “केलंस तरी काय?” त्याच्या चेहऱ्यावर जी आशा असते, तिला पुरेल असं माझ्यापाशी काहीच नसतं.

“थोडं कमी खाल्लं. आणि रोज चाललो.”

“ते झालंच रे. पण आणखी काय?”

आणखी काही नाही, हे आजवर एकालाही पटलेलं नाही. ऑफिसातल्या एकाची खात्री आहे की मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं आणि ती रजा भाच्याच्या मुंजीवर टाकली. दुसऱ्यानं मला जिन्यात गाठून, ते आठवड्याला एक टोचायचं इंजेक्शन कितीला पडतं, असं विचारलं. मी घेत नाही म्हटल्यावर “नसेल सांगायचं तर राहू दे” म्हणाला, आणि पुढं कित्येक दिवस त्यानं माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही. आपल्याकडे वजन न उतरण्याला प्रतिष्ठा आहे. पु. लं.च्या ‘बटाट्याच्या चाळी’तल्या पंतांनी उपास केल्यापासून तर साहित्यातही आहे. उतरवायचंच झालं तर त्याला चमत्कार लागतो, गेला बाजार एखादा काढा. बेतानं खाऊन बारीक झालेल्या माणसाचं काय करायचं, हे समाजाला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीचं कारणही असंच मिळमिळीत. लोकांना तिथं डॉक्टर हवा असतो, रिपोर्ट हवा असतो, ‘त्या क्षणी मी ठरवलं’ असं एखादं वाक्य हवं असतं. माझी सँडल तुटली, ऐन पावसाळ्यात. बुटांशी माझा संबंध कधीच सुटला होता, कारण नाडी बांधायला वाकलं की श्वास कोंडायचा आणि डावा बूट झाल्यावर उजव्याआधी मध्यंतर घ्यावं लागायचं. त्या दिवशी नाइलाजानं बूट काढले, आणि मध्यंतरात मुलगी म्हणाली, “बाबा, मी बांधू?” ती तेव्हा दुसरीत होती, नाड्या बांधायला नुकतीच शिकली होती आणि गिऱ्हाईक शोधत होती. मी बांधू दिल्या. तिनं त्या इतक्या घट्ट आणि अशा गाठीच्या बांधल्या की रात्री परत तिलाच बोलवावं लागलं.

मग काट्यावर उभा राहिलो आणि बीएमआय नावाचा आकडा काढला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझा जवळजवळ ३९ निघाला. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी मांडलं. केतले खगोलशास्त्रज्ञ होते, ब्रुसेल्सची वेधशाळा त्यांनीच उभी केली. ग्रहगोलांचा सराव असलेल्या माणसानंच माझ्या मापाला हात घालावा, हे मला रास्त वाटलं. आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी या आकड्याच्या मर्यादा खाली आणल्या आहेत. युरोपीय माणूस ३० ला लठ्ठ ठरतो, आपण २५ लाच. म्हणजे आज २७ वर असलेला मी केतल्यांच्या शेजारी जन्मलो असतो तर नुसता ‘जरा भरलेला’ असतो. पुण्यात जन्मलो, म्हणून एवढं करूनही लठ्ठच आहे.

घरात दोन पक्ष होतेच. आई दीक्षितांची. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान तिनं मोबाइलवर इतक्यांदा ऐकलंय की ‘पंचावन्न मिनिटं’ म्हणताना तिचेही ओठ हलतात. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं, अधेमधे काही नाही. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ती न विचारता सांगते. बायको ऋजुता दिवेकरांची. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, भाताला टाळू नका, तुपाला भिऊ नका. दोघींचं मन राखायला गेलो असतो तर मी दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं जेवत बसलो असतो. माझ्या मेहुण्यानं साधारण हेच केलं आणि तो आता दोन्ही पद्धतींना नावं ठेवतो. दोन्ही जाहीरनाम्यांत एक कलम मात्र सारखं होतं, ते म्हणजे अंग हलवा. दीक्षित तर पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असं आकड्यासकट बजावतात. पण व्याख्यानात ते येईपर्यंत आईला डुलकी लागते, आणि बायकोच्या पुस्तकातली खूण बरीच अलीकडच्या पानावर आहे.

मी चहापासून सुरुवात केली. ऑफिसात दिवसाला सात कप व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. त्यातले पाच सोडले. म्हणजे दहा चमचे, सुमारे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबानं नुसत्या न प्यायलेल्या चहापायी वर्षाला साडेनऊ किलो उतरायला हवेत. कागदावर उतरतातही. शरीराला कागद दाखवून उपयोग नसतो. ते जसं हलकं होतं तसं कमी खर्चात भागवायला लागतं, त्यामुळे काटा आधी धावतो, मग चालतो, मग ९४ वर येतो आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत तिथंच बसून राहतो. पण साखर सुटली तरी टपरी कशी सोडायची? बदल्या, बढत्या, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं टपरीवर ठरतं. मी तिथं नुसताच उभा राहू लागलो, तर बोलणी थांबायला लागली. हातात कप नसलेला माणूस साहेबांचा खबऱ्या असतो. शेवटी टपरीवाल्यानंच दया येऊन मला कपात गरम पाणी द्यायला सुरुवात केली. पैसे चहाचेच घेतो.

पोळ्यांची गोष्ट निराळी. पाचाच्या तीन आणि तीनाच्या दोन करणं खाणाऱ्याच्या हातात नसतं. कणीक भिजवणारा हात जुन्या अंदाजानं भिजवतो. मी पानावरून उठायला लागलो की स्वयंपाकघरातून कोणालाही उद्देशून नसलेला आवाज येतो, “एकच उरलीय.” यात आग्रह नाही, हुकूम नाही, नुसती माहिती आहे. पण त्या माहितीपुढं मी वर्षानुवर्षं मान तुकवत आलो. माझ्या ११२ किलोंचा नीट पंचनामा केला असता तर त्यात भूक अशी फारशी सापडली नसती. बहुतेक सगळं ‘उरलंय तेवढं’ होतं. कढईच्या तळाची चमचाभर भाजी, जी काढून ठेवायला वाटी लहान पडते आणि वाटीपेक्षा मोठं भांडं शोभत नाही. मुलीनं अर्धवट टाकलेला पराठा. पाहुण्यांसाठी आणलेल्या श्रीखंडाच्या डब्याच्या कडा. सत्यनारायणाचा दुसऱ्या दिवशीचा प्रसाद, जो टाकणं पाप आणि ठेवणं अशक्य. अन्न वाया घालवायचं नाही, या संस्काराची पूर्ण अंमलबजावणी आमच्या घरात एकाच पोटात व्हायची.

एकदा मी धीर करून म्हणालो, “उरलीय तर उद्या सकाळी फोडणीची पोळी करा.”

आई म्हणाली, “एका पोळीची फोडणीची पोळी होत नाही.”

त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून फोडणीच्या पोळीपुरत्या म्हणून आणखी तीन व्हायला लागल्या. हा प्रश्न सुटायला चहापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, आणि तो मी सोडवला नाही. कणीक भिजवायचं काम एका आठवड्यापुरतं माझ्याकडे आलं, माझ्या पोळ्या पाहून सगळ्यांनीच कमी खाल्लं, आणि तेव्हापासून घराचा अंदाज बदलला.

चालायला पर्वती निवडली. घरापासून जवळ, आणि तिथं धापा टाकल्या तर त्या भक्तीतही जमा होतात. शंभरेक पायऱ्या आहेत, ऐसपैस. सुरुवातीला मी तिसाव्या पायरीच्या आसपास इतिहास बघायच्या निमित्तानं थांबायचो. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी १७६१ साली इथंच प्राण सोडला; त्या पायरीवर उभं राहून मी त्यांचा जितक्या जिव्हाळ्यानं विचार केला तितका कुठल्या संशोधकानं केला नसेल. सत्तरी ओलांडलेल्या आज्या साडीवर स्पोर्ट्स शूज घालून गप्पा मारत मला मागं टाकायच्या. त्यातल्या एकीनं एकदा थांबून चौकशी केली.

“नवीन का?”

“हो.”

“पहिल्या महिन्यात असंच होतं.”

मला बरं वाटलं. “आणि दुसऱ्या महिन्यात?”

“दुसऱ्या महिन्यात कोणी येत नाही,” असं म्हणून त्या वर निघून गेल्या.

केवळ या बाईंना तोंड दाखवता यावं म्हणून मी दुसऱ्या महिन्यात गेलो. पुढं थंडीत कधीतरी न थांबता वर पोचलो, तेव्हा त्या वर बसून बटव्यातले शेंगदाणे खात होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. टेकडीवर येणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. खाली उतरून कारल्याचा रस पिणारे आणि खाली उतरून वडापाव खाणारे. तासभराच्या चालण्यात जे जळतं ते एका वडापावात जवळपास भरून निघतं, त्यामुळे दुसऱ्या वर्गातले लोक वर्षानुवर्षं तसेच्या तसे आणि आनंदात दिसतात. पहिल्या वर्गातल्या कोणाला मी हसताना पाहिलेलं नाही. याशिवाय एक मनगटी घड्याळवाले असतात; दहा हजार पावलं भरली नाहीत तर ते खालच्या वाहनतळात गाडीभोवती फेऱ्या मारतात. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. हे मी त्यांतल्या एकाला सांगितलं. तो फेऱ्या मारतच ऐकत होता.

“पण एवढं गेलं कुठं?” हा प्रश्न सासऱ्यांचा. ते जन्मभर हिशेब तपासनीस होते. ३४ किलो माल गोदामातून कमी झाला आणि बाहेर पडल्याची नोंद नाही, हे त्यांना सहन होईना. घामातून गेलं असेल, उष्णता झाली असेल, असं मी म्हणून पाहिलं. खरं उत्तर मलाही वाचल्यावरच कळलं. दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडून दाखवला. दहा किलो चरबी गेली, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेले १.६ किलो पाणी होतात. म्हणजे गेलं ती सगळी चरबीच होती असं धरलं तर माझे अठ्ठावीस-एकोणतीस किलो नाकातोंडावाटे हवेत गेले. सासऱ्यांनी हे कागदावर उतरवून घेतलं, बेरीज जुळल्याची खात्री केली आणि म्हणाले, “म्हणजे पर्वतीवर सोडून आलात. पावती नाही, पण ठीक आहे.”

शिंप्यानं मात्र काही विचारलं नाही. आमच्या शिंप्याला आयुष्यात कशाचंच आश्चर्य वाटत नाही. पहिल्यांदा पँटी आत घेतल्या, दुसऱ्यांदा घेतल्या, तिसऱ्यांदा त्यानं पँट उलटी करून मला दाखवली. “साहेब, आता घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटतील.” मग नव्या शिवायचं ठरलं. जुन्या तिथंच कोणा गरजूला द्यायला ठेवू लागलो, तर त्यानं त्या परत पिशवीत घातल्या. “ठेवा घरी. लागतात,” तो म्हणाला. पंचवीस वर्षं तो गिऱ्हाइकांच्या कमरा मोजतोय.

सांगलीच्या मावशीनं फोटो पाहून आईला फोन केला. “शुगरबिगर नाही ना गं त्याला?” नाही म्हटल्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग हलक्या आवाजात, “सूनबाई घालते ना व्यवस्थित खायला?” हा फोन स्पीकरवर होता. बायकोनं त्यानंतर माझ्या बारीक होण्याविषयी कोणाशीही बोलायचं सोडून दिलं, आणि लग्नकार्यात ती मला मुद्दाम मोठं ताट वाढून, सगळ्यांना दिसेल असं समोर आणून ठेवते.

अशी सगळीकडून निराशा करत राहण्याचाही कंटाळा येतो. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा माझा संयम संपला होता. मी इकडेतिकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि म्हणालो, “कोणाला सांगू नका. कोकणातले एक वैद्य आहेत.”

काकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

“ओवा, जिरं, बडीशेप. समभाग. भाजून पूड करायची. सकाळी कोमट पाण्यातून अर्धा चमचा. पथ्य मात्र कडक आहे. पोळ्या दोन, चहा दोनदाच, संध्याकाळचं जेवण आठच्या आत, आणि पूड घेतल्यावर तासभर चालायचं, नाहीतर अंगाला लागत नाही.”

इतक्या मन लावून माझं कोणी कधी ऐकलेलं नाही. काकांनी घरात नेऊन वही काढली. ओवा कच्चा की भाजलेला, लोखंडी तव्यावर की कढईत, बडीशेप लखनवी की साधी, सगळं विचारून लिहून घेतलं. पथ्य सांगायला लागलो तेव्हा पेनाचं टोपण लावलं. “ते पथ्यबिथ्य बघतो मी.”

महिन्याभरानं भेटले तेव्हा चेहरा उतरलेला, बाकी काही उतरलेलं नव्हतं. “तुमचा वैद्य काही खरा नाही हो. पचन मात्र झकास झालंय. हल्ली दोन घास जास्तच जातात.”

गेल्या आठवड्यात सांगलीच्या मावशीचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला. खाली तीन फुलं आणि गणपती. ओवा, जिरं, बडीशेप, समभाग. मधल्या प्रवासात त्यात काळं मीठ आणि कढीपत्ताही पडला होता. ‘कोकणातील सिद्ध वैद्यांचा गुप्त उपाय, पुण्यातील एका गृहस्थांनी ३४ किलो घटवले, व्यायाम नाही, पथ्य नाही.’ त्याखाली मावशीनं स्वतः लिहिलं होतं, “बघ, लोक काय काय करतात. तू नुसताच उपाशी राहिलास.”